फॉरेनची वहिनी

नवीन ऑफिसात जॉइन झालं की पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न ठरलेले असतात. राहतेस कुठे? लग्न झालंय का? आणि घरी कोण कोण असतं? पहिल्या दोघांची माझी उत्तरं एकदम शॉर्ट अँड स्वीट. इंदिरानगर. आणि नाही. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र मी एक चकचकीत उत्तर तयार ठेवलं होतं. "आई, बाबा आणि मी. दादा बाहेर असतो. वहिनी फॉरेनर आहे."

बस्स, एवढंच. पुढचं काम समोरचा माणूस स्वतःच करतो. "वॉव! गोरीपान असेल ना? साडी नेसते का गं? तुमच्याकडचं तिखट झेपतं तिला?" मी नुसती हसायचे आणि कॅन्टीनच्या चहाचा घोट घ्यायचे. 'गोरीपान'ला मी कधी हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. खोटं बोलायचीसुद्धा एक टेक्निक असते, तुम्हालाही माहीत असेल. गप्प बसायचं. बाकीचं आपोआप होतं.

माझी वहिनी केनियाची आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरच्या किसुमू शहरातली. रंगानं काळी. गहूवर्णी नाही, सावळी नाही, निमगोरी तर नाहीच नाही. लग्नाच्या जाहिरातींनी शोधून काढलेल्या कुठल्याही शेडमध्ये न बसणारी, सरळ काळी. आणि दिसायला कमालीची सुंदर. ही चार वाक्यं ऑफिसात उच्चारायला मला पाच वर्षं लागली. का लागली, त्याचीच ही गोष्ट. यात थोडे सेलिब्रिटी आहेत, एक महाराजा आहे, आणि माझी आई आहे. ती कुठल्याच सेलिब्रिटीपेक्षा कमी नाही.

पेढे कुणाचे?

आईचं माहेर मालवण तालुक्यातलं. जून २०१७ मध्ये एका सकाळी मामाचा फोन आला आणि आई स्वयंपाकघरातून ओरडतच बाहेर आली. वराडचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान झाला होता! वराड म्हणजे आईच्या माहेरच्याच तालुक्यातलं गाव. मुलगा म्हणजे लिओ वराडकर, वय वर्षं ३८. "आमच्या मालवणचो झील तो!" आईनं जाहीर केलं आणि बाबांना पेढे आणायला पिटाळलं. सोसायटीतल्या प्रत्येक घरी पेढे गेले. आयर्लंड नकाशावर नेमकं कुठे आहे हे आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना त्या पेढ्यामुळे कळलं.

लिओची स्टोरी आहेच तशी. वडील डॉ. अशोक वराडकर, मुंबईत वाढलेले, डॉक्टरकीसाठी इंग्लंडला गेलेले. तिथल्या हॉस्पिटलात त्यांना आयर्लंडहून आलेली मिरियम ही नर्स भेटली. दोघांचं लग्न झालं आणि पुढे संसार आयर्लंडमध्ये थाटला. लिओचा जन्म १९७९ चा, डब्लिनचा. तोही डॉक्टर झाला आणि शिकताना काही काळ मुंबईत केईएमलाही येऊन गेला. मग राजकारण. २०१५ मध्ये मंत्री असताना त्यानं रेडिओवरच्या मुलाखतीत सांगून टाकलं की आपण गे आहोत. त्याच वर्षी आयर्लंडनं सार्वमत घेऊन समलिंगी विवाहाला मान्यता दिली. आणि दोन वर्षांनी, पिढ्यानपिढ्या चर्चच्या धाकात राहिलेल्या त्या देशानं, आडनाव 'वराडकर' असलेल्या माणसाला देशाच्या गादीवर बसवलं.

आईला 'गे'चा तपशील जरा उशिरा कळला. ती दोन मिनिटं गप्प राहिली. मग म्हणाली, "असू दे. झील चांगलो आसा." विषय संपला.

डिसेंबर २०१९ मध्ये लिओ आईवडिलांसह वराडला आला, तेव्हा तर मामानं पेपरातलं कात्रण थेट कुरिअरनं पाठवलं. ते आमच्या फ्रिजवर आंब्याच्या मॅग्नेटखाली लागलं. त्यानंतर तो डिसेंबर २०२२ मध्ये दुसऱ्यांदा पंतप्रधान झाला आणि २०२४ मध्ये स्वतःहून पायउतार झाला. कात्रण पिवळं पडलं, पण हललं नाही.

त्यात आईच्या हाती आणखी एक एक्का होता. पोर्तुगालचे आंतोनियो कोस्टा. वडील गोव्यातल्या मडगावच्या घराण्यातले लेखक, आई पोर्तुगीज पत्रकार. २०१५ ते २०२४ ते पोर्तुगालचे पंतप्रधान होते आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आहेत. त्यांचं घरातलं लाडाचं नाव 'बाबुश', म्हणजे कोकणीत बाळ्या! २०१७ च्या जानेवारीत ते मडगावच्या घरी येऊन गेले होते. "एकाच वेळी युरोपात दोन पंतप्रधान," आई बोटं नाचवत सांगायची. "आमच्या किनाऱ्याच्या पाण्यातच काहीतरी आहे."

दोघांच्याही आया फॉरेनर. आईला त्याचं केवढं कौतुक! "त्या मिरियमबाईनं बघ, नाव कसं टिकवलं नवऱ्याचं." तेव्हा हे मी नुसतं ऐकलं. पाच महिन्यांनी मला ते वाक्य आठवणार होतं.

तिथलीच?

माझा दादा अ‍ॅग्रीचा. नाशिकच्या पोरांना ग्रीनहाऊस आणि ड्रिप काही नवीन नाही, त्यामुळे केनियातल्या नैवाशाला गुलाबाच्या फार्मवर नोकरी लागली तेव्हा तो सहज रुळला. नोव्हेंबर २०१७ मध्ये एका रविवारी त्याचा फोन आला. स्पीकरवर. "मला लग्न करायचंय. अकिन्यी नाव आहे तिचं. इथे आमच्याच लॅबमध्ये असते."

आई म्हणाली, "म्हणजे तिथली इंडियन ना?"

"नाही आई. इथली."

"इथली म्हणजे... तिथलीच?"

"हो. तिथलीच."

त्यानंतर आमच्या हॉलमध्ये जी शांतता पसरली, ती मला आजही पंख्याच्या आवाजासकट आठवते. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. आम्ही शिकलेले लोक आहोत. बाबा फक्त म्हणाले, "विचार कर." आईनं कुकर लावला. पेढे आले नाहीत.

२०१८ मध्ये नैरोबीत रजिस्टर लग्न झालं. बाबांच्या पासपोर्टचं रिन्यूअल नेमकं तेव्हाच 'अडकलं'. आम्ही लग्न व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओवर पाहिलं. तीनदा हँग झालं. २०२० मध्ये इमानीचा जन्म झाला. तेव्हा लॉकडाऊन होता, म्हणून मुलगी झाल्याची बर्फी वाटता आली नाही. लॉकडाऊन उठला. बर्फी तरीही वाटली गेली नाही.

आता आईकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण त्याच वर्षी मी या ऑफिसात लागले आणि पहिल्याच आठवड्यात 'वहिनी फॉरेनर आहे' हे वाक्य शोधून काढलं. म्हणजे आई निदान गप्प तरी होती. मी पॅकेजिंग करत होते.

वहिनीशी माझी मैत्री झाली ती फोनवर. एकदा मी तिला लिओची आणि पेढ्यांची गोष्ट सांगितली. ती खो खो हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे सेम! फक्त आमचा लिओ जरा मोठा होता." तिचा लिओ म्हणजे बराक ओबामा. त्याचे वडील कोगेलोचे, किसुमूपासून फार लांब नसलेल्या गावचे. वहिनीच्याच ल्युओ समाजातले. नोव्हेंबर २००८ मध्ये ओबामा निवडून आला आणि केनियानं चक्क राष्ट्रीय सुट्टी जाहीर केली. वहिनी तेव्हा शाळेत होती. दिवसभर रस्त्यावर नाच.

मग ती जरा थांबून म्हणाली, "पण खरं सांगू? त्याला वाढवलं त्याच्या आईनं आणि आजीआजोबांनी, हवाईत. बाप तो लहान असतानाच निघून गेला, पुढे एकदाच भेटला. आम्ही त्याच्यासाठी काय केलं होतं? काहीच नाही. तो जिंकला आणि आम्ही म्हणालो, आपला."

फोन ठेवल्यावर मी फ्रिजकडे पाहिलं. लिओला आयर्लंडनं शिकवलं, आयर्लंडनं निवडून दिलं. आमचं कॉन्ट्रिब्यूशन किती? अर्धा किलो पेढे.

महाराजा, माहेश्वरी आणि गोदाकाठ

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात एथनिक डे होता. मी आईची माहेश्वरी नेसून गेले. एकीनं विचारलं, "ही आपलीच साडी ना, मराठी?" मी म्हटलं, अहिल्याबाई होळकरांनी विणकर आणून वसवलेली, म्हणजे आपलीच की! घरी येऊन सहज गुगल केलं आणि रात्री दीडपर्यंत वाचत बसले.

विसाव्या शतकात महेश्वरचे हातमाग जवळजवळ बंद पडायला आले होते. १९७० च्या दशकाच्या शेवटाला ते पुन्हा उभे राहिले, ते 'रेहवा' नावाच्या संस्थेमुळे. ती सुरू करणाऱ्या जोडप्याचं नाव रिचर्ड आणि सॅली होळकर. रिचर्ड? होळकर? हो! इंदूरचे शेवटचे महाराज यशवंतराव होळकर यांचा मुलगा. आई अमेरिकन. १९६१ मध्ये यशवंतराव गेले, तेव्हा महाराणी म्हणून मान्यता मिळाली ती रिचर्डच्या सावत्र बहिणीला, उषादेवींना. रिचर्डची आई परदेशी होती, म्हणून मुलगा असूनही गादी त्याची नव्हती. म्हणजे ज्याला गादीसाठी 'पुरेसा आपला' धरलं नाही, त्यानंच आपल्या पूर्वज बाईचं सगळ्यात सुंदर काम वाचवलं. आज तुम्ही-आम्ही ती साडी 'एकदम ट्रॅडिशनल' म्हणून नेसतो.

आणि मग मला या घराण्याचा नाशिकचा धागा सापडला. रिचर्डचे आजोबा तुकोजीराव. १९२६ मध्ये त्यांना गादी सोडावी लागली. पुढे त्यांना सिअ‍ॅटलच्या नॅन्सी अ‍ॅन मिलर या तरुणीशी लग्न करायचं होतं. मार्च १९२८ मध्ये नॅन्सीला हिंदू धर्माची दीक्षा दिली गेली, ती आपल्या नाशिकमध्ये! देणारे होते शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी. गंगापूर रोडवर ज्यांच्या नावाचं सभागृह आहे, तेच. नॅन्सीची शर्मिष्ठादेवी झाली, धनगर समाजात तिला रीतसर दत्तक घेतलं गेलं आणि त्याच महिन्यात बडवाहला लग्न लागलं. जगभरच्या पेपरांत बातम्या.

वाचताना मला भारी वाटलं. म्हटलं, बघा, आमचं नाशिक तेव्हाही किती ब्रॉड माइंडेड होतं! आणि लगेच दुसरी तारीख आठवली. ती नाशिकच्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. २ मार्च १९३०. काळाराम मंदिर सत्याग्रह. डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं मंदिराच्या दारात. दार बंद. पुढे वर्षानुवर्षं सत्याग्रह चालला, तरी बंदच.

म्हणजे दोन वर्षांच्या अंतरानं, एकाच शहरात. सातासमुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्या मुलीला आत घ्यायला विधी सापडला, मंत्र सापडले, दत्तक घ्यायला आईबापही सापडले. आणि पिढ्यानपिढ्या याच गोदावरीचं पाणी पिणाऱ्या माणसांसाठी एक कडी काढायला कुणाचा हात उठला नाही. म्हणजे प्रश्न परकेपणाचा नव्हताच कधी. कोण परका, हे आपण फार सोयीनं ठरवतो.

त्या रात्री माझ्या 'फॉरेनर' या शब्दाचा अर्थ मला पहिल्यांदा नीट कळला. तो शब्द मी दार उघडायला वापरत होते. पण उघडत होतं ते नॅन्सीसाठी. अकिन्यीसाठी नाही.

कळलं, पण वळलं नाही. सोमवारी ऑफिसात परत तेच वाक्य.

पाहुणी

२०२५ च्या दिवाळीला दादा, वहिनी आणि इमानी पाच आठवड्यांसाठी नाशिकला आले. इमानी आता पाच वर्षांची. स्वाहिलीत इमानी म्हणजे श्रद्धा. आपल्याकडे इमानी म्हणजे प्रामाणिक. दोन्हीकडे शब्द अरबीतून आलेला, त्यामुळे पोरीला नाव बदलावं लागलं नाही.

नावावरून आठवलं. पहिल्याच दिवशी आईनं वहिनीला भीत भीत विचारलं, "अकिन्यीचा अर्थ काय गं?" वहिनी म्हणाली, "सकाळी जन्मलेली." आईचा चेहरा खुलला. "अगंबाई, म्हणजे उषा! आम्ही तुला उषा म्हटलं तर?" वहिनी गोड हसली. "अर्थ तोच असेल, तर बदलायचं कशाला?" आईला उत्तर सुचलं नाही. आमच्या घरात हे वर्षातून एकदा वगैरे होतं.

बाकी दोघींचं जमलं ते स्वयंपाकघरात. स्वाहिलीत चहाला चाय, चपातीला चपाती, गाडीला गारी, पैशाला पेसा, साबणाला सबुनी, दुकानाला दुका. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत होती, त्यांनी हे शब्दही उतरवले असणार. आई आठवड्याभरात म्हणायला लागली, "हिची भाषा म्हणजे आपलीच, जरा घाईत बोललेली."

प्रॉब्लेम घराबाहेर होता. इमानीला घेऊन मी एका पार्लरमध्ये गेले. फक्त टोकं ट्रिम करायची होती. तिथल्या मुलीनं केसांना हात लावून पाहिला आणि प्रेमानं म्हणाली, "मॅडम, स्ट्रेटनिंगचं बघू या का? लहान आहे तोवर केलं की बरं." पाच वर्षांच्या मुलीचं स्ट्रेटनिंग! तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच जास्त वाईट होतं. मी चिडून बाहेर पडले. आपण कित्ती पुढारलेल्या, असं वाटून ताठ मानेनं इमानीला कॉलेज रोडला आइस्क्रीम खायला नेलं.

तिथे आमच्या ऑफिसातले तिघं भेटले.

"हाय! ही कोण? सो क्यूट!"

फक्त एक सेकंद. त्या सेकंदात माझ्या डोक्यातून पाच वर्षांचा सगळा कॅन्टीनचा चहा वाहून गेला. आणि मी म्हटलं, "पाहुणी आहे. आमच्याकडे आलीय."

इमानी आइस्क्रीम खात होती. मला वाटलं, हिला कुठे एवढं मराठी कळतंय.

रात्री जेवताना तिनं आईला विचारलं, "आजी, पाहुणी म्हणजे काय?"

आई म्हणाली, "जी येते आणि परत जाते, ती पाहुणी."

"मग मी पाहुणी. आत्या म्हणाली."

आईनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात मी आईचे पुष्कळ लुक खाल्लेत. नापास झाल्याचा, उशिरा घरी आल्याचा. हा वेगळा होता. त्यात राग नव्हता. ओळख होती. 'तूसुद्धा माझ्यासारखीच,' असं काहीतरी.

मर्ल ओबेरॉनबद्दल मी तेव्हाच कुठेतरी वाचलं होतं. १९११ मध्ये मुंबईत जन्मलेली मुलगी. वंशानं युरोप आणि आशिया दोन्हीकडची, पण दिसायला गोरी. इंग्लंडला गेली, हॉलिवूडला पोचली, १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी ऑस्करचं नॉमिनेशन मिळवलं. सगळ्यांना सांगितलं, मी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची. जिनं तिला वाढवलं, जिला ती आई म्हणायची, त्या सावळ्या बाईची ओळख ती घरातली नोकराणी म्हणून करून द्यायची, असं तिच्याबद्दल सांगतात. १९७९ मध्ये ती वारली, तोवर हे गुपित तिनं सांभाळलं. वाचताना मी म्हटलं होतं, बाई गं, एवढी कशी कठोर! पण तिच्यामागे निदान कारण होतं. त्या काळच्या हॉलिवूडनं तिला खरं बोलल्यावर उभंही केलं नसतं. माझ्यामागे काय होतं? अप्रेझल?

गॅलरीतल्या गप्पा

सगळे झोपल्यावर मी वहिनीला गॅलरीत गाठलं आणि सगळं सांगितलं. फॉरेनर, गोरीपान, पाहुणी. सगळं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला मिठी तरी मारेल. सिरियलमध्ये असंच होतं ना.

ती म्हणाली, "तुझ्या स्टेटसवर दादा असतो, इमानी आठ महिन्यांची असतानाचा एक फोटो आहे, त्यात ती टोपीत आहे. मी कधीच नाही. मला माहीत होतं."

आणि ती कपडे वाळत घालत राहिली.

थोड्या वेळानं तीच बोलली. "मला नाही फरक पडत. मी तिशीत आहे. माझं मला माहीत आहे मी कोण. पण ती पाच वर्षांची आहे." मग तिनं मोबाइलवर मला एक फोटो दाखवला. मसाबा गुप्ता. इमानीनं मागून घेऊन सेव्ह करायला लावलेला. "हिचे केस माझ्यासारखे आहेत, असं म्हणाली."

मसाबा आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. नीना गुप्ता आणि वेस्ट इंडीजचा कॅप्टन व्हिव्हियन रिचर्ड्स यांची मुलगी, १९८९ ची. आईनं एकटीनं मुंबईत वाढवली. केस, रंग, आईवडिलांचं लग्न, कशाकशावरून तिला बोलणी खावी लागली ते तिनं स्वतःच अनेकदा सांगितलंय. २००९ मध्ये, ऐन विशीच्या उंबरठ्यावर, तिनं फॅशन वीक गाजवला. साडीवर कॅमेरे, गाई, काय वाट्टेल ते छापलं, आणि मावशी-काकूंच्या कपाटातली साडी एकदम आपल्या वयाची झाली. २०१७ मध्ये ट्रोल्सनी तिच्या जन्मावरून घाणेरड्या शिव्या दिल्या, तेव्हा तिनं उलट ठणकावलं की मी इंडो-कॅरिबियन आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. २०२० मध्ये आई आणि मुलगी नेटफ्लिक्सवर स्वतःच्याच भूमिकेत आल्या. २०२२ मध्ये बिर्ला ग्रुपनं तिच्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला. आणि त्याच वर्षी काढलेल्या मेकअप ब्रँडला तिनं नाव काय दिलं? 'लव्हचाइल्ड'. जो शब्द लोक तिच्या पाठीमागे कुजबुजत होते, तो तिनं लिपस्टिकवर छापून आपल्यालाच विकला. याला म्हणतात मार्केटिंग!

तरीही २०२४ मध्ये ती गरोदर असताना तिला सल्ला मिळाला, रोज रसगुल्ला खा, म्हणजे बाळ तुझ्यापेक्षा एक शेड उजळ होईल. कोट्यवधींची कंपनी, टीव्हीवर शो, सगळा देश ओळखतो. आणि रसगुल्ला.

हे ऐकून वहिनी म्हणाली, "म्हणून मी इमानीला नाही सांगत की तूही मसाबा होशील. ती मसाबा नाही झाली तर? नैवाशाला फुलं पॅक करत बसली तर? नाशिकला बँकेत लागली तर? तेव्हा पण तुमची असेल ना?"

मी गप्प बसले. या वेळी टेक्निक म्हणून नाही. खरंच उत्तर नव्हतं.

बर्फी

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर हॉलमध्ये सीन असा. आई सोफ्यावर, इमानी खाली तिच्या गुडघ्यांत, वहिनी बाजूला बसून सूचना देतेय. भांग पाडायचा, तीन पेड घ्यायचे, पुढे जाताना खालचे केस उचलून त्यात घ्यायचे, डोक्याला चिकटून. आईनं दोन ओळी घातल्या, चष्मा वर केला आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली खजूर वेणी! फक्त एकाच्या जागी दहा." मी लहान असताना दर रविवारी आई माझी खजूर वेणी घालायची. तोच हात, तेच खोबरेल तेल. पार्लरवालीला जे जमलं नाही ते आईनं दीड तासात केलं. दीड तासात इमानीनं दोन कार्टून पाहिली आणि एकदाही 'आई गं' म्हटलं नाही. मी म्हणायचे.

मग आई उठली, हात धुतले आणि बाबांना म्हणाली, "मिठाईवाल्याकडे जाऊन या. दोन किलो बर्फी."

बाबा म्हणाले, "आज काय आहे?"

"पाच वर्षांपूर्वीचं राहिलंय," आई म्हणाली.

संध्याकाळी इमानीचा हात धरून आई सोसायटीतल्या प्रत्येक दारात गेली. लिओचे पेढे गेले होते, त्याच दारांत. काही दारांत जरा जास्त वेळ शांतता होती, असं ती परत आल्यावर म्हणाली. पण बर्फी सगळ्यांनी घेतली. आईनं एक बॉक्स माझ्यासमोर ठेवला. "हा ऑफिसात ने." एवढंच. बाकीचं तिनं लुकमध्ये सांगितलं.

लिओ अजून फ्रिजवर आहे. आईनं त्याला काढलं नाही, फक्त थोडा वर सरकवला. खाली इमानीनं काढलेलं आमचं घर आहे. त्यात सहा माणसं आहेत, सगळी एकाच खडूनं रंगवलेली. चॉकलेटी. तिला विचारलं तर म्हणाली, तोच खडू मोठा होता.

सोमवारी मी लंच टाइमला बॉक्स उघडला. कॉलेज रोडवर भेटलेले ते तिघंही होते.

"बर्फी? कशाबद्दल?"

"मला भाची झाली."

"अरे वा! काँग्रॅट्स! कधी?"

"२०२० मध्ये," मी म्हटलं, आणि मोबाइल पुढे केला. फोटोत गॅलरी होती. दादा, दहा खजूर वेण्या घातलेली इमानी, आणि मधोमध तिची आई. "ही अकिन्यी. माझी वहिनी. केनियाची. आणि ही इमानी. तुम्ही भेटलायत हिला. त्या दिवशी मी पाहुणी म्हटलं होतं. चुकून."

एक सेकंद कुणीच काही बोललं नाही. मग एकानं बर्फी उचलली आणि विचारलं, "तुमच्याकडचं तिखट झेपतं का वहिनींना?"

प्रश्न जुनाच होता. पण या वेळी मी उत्तर दिलं. "तिला झेपतं. आमची मिसळ तिला गोड लागते."